मासे जिवंत आहेत, म्हणजे पाणी चांगलं आहे का?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

 

मागच्या काही भागांत आपण नद्या आणि सांडपाणी यांबद्दल बोललो. त्यावर एका श्रोत्यांचा मेल आला. ते खाडीकाठच्या गावात राहतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "खाडीचं पाणी खराब झालंय असं सगळे म्हणतात. पण मासे तर जिवंत आहेत. मेलेले मासे तरंगताना दिसले तर मी मान्य करीन. तोवर उगाच कशाला घाबरायचं?"

प्रश्न रास्त आहे. आपण सगळे असाच विचार करतो, आणि बराच काळ सरकारी नियमही असाच विचार करत होते. एखादं रसायन घातक आहे की नाही हे ठरवायचं तर काय करायचे? टाकीत मासे सोडायचे, रसायन घालायचं, चार दिवसांनी किती मेले ते मोजायचं. कमी मेले तर रसायन बरं, जास्त मेले तर वाईट.

आज मी तुम्हाला अशा एका रसायनाची गोष्ट सांगणार आहे, ज्यानं एका समुद्री गोगलगायीच्या वस्त्याच्या वस्त्या पुसून टाकल्या. तेही अशा मात्रेत, की त्या मात्रेनं टाकीतली एकही गोगलगाय चार दिवसांत मेली नसती. या गोष्टीचा शेवट बराचसा चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे तुम्ही निराश होऊन मध्येच बंद करणार नाही!

आधी हार्मोनबद्दल दोन शब्द

हार्मोनला मराठीत संप्रेरक म्हणतात. शरीरातल्या ग्रंथी रक्तात सोडतात ते निरोप. वाढ कधी करायची, अंडी कधी तयार करायची, कुठला अवयव कसा घडवायचा, हे सगळं या निरोपांवर चालतं. पेशीमध्ये हा निरोप घेणारी जागा ठरलेली असते, कुलपासारखी. हार्मोन म्हणजे त्याची किल्ली.

आणि हे निरोप किती कमी मात्रेत चालतात ते बघा. तुमच्या घरात कुणाला तरी थायरॉइडची गोळी असेलच. सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती. 'मला पन्नासची आहे', 'मला शंभरची आहे' असं आपण म्हणतो. हे पन्नास म्हणजे मिलिग्रॅम नव्हेत, मायक्रोग्रॅम आहेत. हिशोब करा. पन्नासची गोळी रोज घेतली तर एक ग्रॅम औषधाच्या वीस हजार गोळ्या होतात. म्हणजे एका माणसाची चोपन्न वर्षं एका ग्रॅममध्ये निघतात. आणि तरीही ती गोळी आठ-पंधरा दिवस चुकली की माणसाला फरक जाणवायला लागतो.

आता समजा, बाहेरून शरीरात असं काही आलं जे या कुलपात बसतं, पण ती खरी किल्ली नाही. मग शरीराला खोटा निरोप मिळतो. प्राणी मरत नाही. तो खातो, हिंडतो, दिसायला ठणठणीत असतो. फक्त त्याच्या शरीरात भलतंच काही घडू लागतं, आणि बहुतेक वेळा ते पुढच्या पिढीच्या मुळावर येतं. अशा रसायनांना इंग्रजीत एंडोक्राइन डिसरप्टर म्हणतात. हा शब्द १९९१ साली अमेरिकेत विंगस्प्रेड इथे झालेल्या एका बैठकीतून रूढ झाला. थिओ कोलबॉर्न या बाईंनी ती बैठक भरवण्यात पुढाकार घेतला होता. पण शब्द मिळण्याच्या वीसेक वर्षं आधीच हा प्रकार लोकांच्या डोळ्यांसमोर सुरू होता.

जहाजाला रंग का लागतो?

कोकणातल्या आणि गोव्यातल्या श्रोत्यांना हे सांगायला नको. होडीचा तळ काही आठवडे पाण्यात राहिला की त्यावर आधी बुळबुळीत थर येतो. मग शेवाळ, मग कालवं, आणि ते कडक पांढरे बार्नकल, जे पायाला लागले की रक्त काढतात. तळ खडबडीत झाला की होडी जड चालते, डिझेल जास्त जातं. म्हणून तर पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून, तळ खरवडून, रंग लावून नारळी पौर्णिमेपर्यंत तयार ठेवतात.

मोठ्या जहाजांचं दुखणं तेच, फक्त हजारपट मोठं. पूर्वी लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकायचे. पुढे तांब्याचे क्षार घातलेले रंग आले. आणि १९६० च्या दशकात एक नवं रसायन आलं: ट्रायब्युटिलटिन. आपण त्याला टीबीटी म्हणू.

यातला 'टिन' म्हणजे आपलं कथील. पितळेच्या भांड्यांना ज्याची कल्हई करतात तेच. कल्हईतलं कथील निरुपद्रवी असतं, पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या भांड्यांत शिजवून खाल्लं. पण त्याच कथलाच्या अणूला ब्युटिल नावाच्या कार्बनच्या तीन साखळ्या जोडल्या की त्याचा स्वभाव पार बदलतो. ते पेशींच्या आवरणातून आत शिरू शकतं आणि जबरदस्त विषारी होतं. मूलद्रव्य एकच, पण जोडीदार बदलला की गुण बदलले.

रंग म्हणून टीबीटी अफलातून होतं. १९७० च्या दशकात त्याचे असे रंग निघाले की जे पाण्यात हळूहळू झिजत जायचे, आणि आतला ताजा विषारी थर सतत उघडा पडायचा. एकदा रंग लावला की जहाज पाच-पाच वर्षं स्वच्छ! इंधन वाचलं, तळ खरवडायची मजुरी वाचली. मालकांच्या दृष्टीनं सोनंच. त्यामुळे मालवाहू जहाजांपासून हौशी लोकांच्या शिडाच्या बोटींपर्यंत सगळीकडे तो रंग लागला.

पण रंग झिजतो म्हणजे जातो कुठे? पाण्यातच ना.

आर्काशोंची कालवं

पहिला दणका बसला फ्रान्समध्ये. बोर्डो शहराच्या जवळ, अटलांटिकच्या किनाऱ्यावर आर्काशोंचा उपसागर आहे. तिथे कालवांची शेती चालते. आपल्याकडे बायका ओहोटीला खडकांवरून कालवं फोडून काढतात, तिथे ती पिकवतात. त्याच उपसागरात उन्हाळ्यात हजारो हौशी बोटी उभ्या असतात.

१९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे विचित्र गोष्टी घडू लागल्या. कालवांची पिल्लं धरेनाशी झाली. जी मोठी कालवं होती त्यांची शिंपली वेडीवाकडी, जाड, फुगीर होऊ लागली. फोडलं तर शिंपल्याच्या आत पोकळ्या, त्यात चिकट द्रव, आणि खायचा गर एवढासा. अशी कालवं बाजारात कोण घेणार? पूर्वी वर्षाला दहा ते पंधरा हजार टन माल निघायचा. १९८१ साली तो तीन हजार टनांच्या आसपास आला. कित्येक कुटुंबांचं पोट त्यावर होतं.

क्लोद अल्झिय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा माग बोटींच्या रंगापर्यंत लावला. फ्रान्स सरकारनं फार वाट पाहिली नाही. जानेवारी १९८२ मध्ये पंचवीस मीटरपेक्षा लहान बोटींवर टीबीटी रंगाला बंदी घातली. त्याच उन्हाळ्यात कालवांची पिल्लं पुन्हा धरू लागली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकार इतक्या लवकर का हललं? कारण कालवांना भाव होता, आणि त्यांच्यामागे ओरड करणारी माणसं होती. गोगलगायीच्या बाजूनं ओरडणारं कोण?

प्लिमथची गोगलगाय

आता इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर जाऊ. तिथे खडकांवर डॉगव्हेल्क नावाची एक समुद्री गोगलगाय राहते. जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा शंख. बार्नकल आणि शिंपल्यांना भोक पाडून खाते. आपल्या बागेतल्या गोगलगायी उभयलिंगी असतात, एकाच शरीरात नर-मादी दोन्ही. डॉगव्हेल्कचं तसं नाही. तिच्यात नर वेगळा आणि मादी वेगळी.

१९७० साली स्टीफन ब्लेबर या संशोधकानं एक निरीक्षण छापलं. प्लिमथच्या काही माद्यांमध्ये उजव्या स्पर्शिकेच्या मागे नराच्या जननेंद्रियासारखा एक अवयव उगवलेला दिसतोय. बंदराच्या आत असं जास्त, बाहेर कमी. पुढच्या वर्षी अमेरिकेत कनेटिकटच्या किनाऱ्यावर दुसऱ्या जातीच्या गोगलगायींमध्ये तेच दिसलं. तिथल्या स्मिथ नावाच्या संशोधकानं या प्रकाराला 'इम्पोसेक्स' असं नाव दिलं, म्हणजे लादलेलं लिंग. त्यानं पाहिलं की जिथे बोटी उभ्या राहतात तिथे हे जास्त. टीबीटीशी याचा संबंध त्यानं १९८१ मध्ये जोडला. म्हणजे पहिल्या निरीक्षणापासून अकरा वर्षं गेली.

दरम्यान प्लिमथच्या आसपासच्या खडकांवरून डॉगव्हेल्क चक्क गायब होत चालले होते. जेफ्री ब्रायन, पीटर गिब्ज आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये याचा नीट छडा लावला. त्यांनी स्वच्छ किनाऱ्यावरचे डॉगव्हेल्क उचलून बोटींच्या धक्क्याजवळ नेऊन ठेवले. त्यांच्यात तोच बदल सुरू झाला. प्रयोगशाळेत टीबीटी दिल्यावरही तेच.

आणि मात्रा किती? एका लिटर पाण्यात एक नॅनोग्रॅमच्या आसपास असतानाच बदल दिसू लागतो. नॅनोग्रॅम म्हणजे काय ते डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून आपल्या ओळखीचं माप घेऊ. उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो ना, दहा हजार लिटरचा? असे एक लाख टँकर एका रांगेत उभे करा. त्या सगळ्यांच्या पाण्यात मिळून फक्त एक ग्रॅम टीबीटी टाका. ही झाली लिटरला एक नॅनोग्रॅम. आणि अशी काही नॅनोग्रॅमपर्यंत मात्रा गेली की मादी अंडी घालू शकत नाही.

मेलेलं कुणी दिसत नाही

नेमकं होतं काय? मादीच्या शरीरात नराची शुक्रवाहिनी तयार होऊ लागते. ती वाढत वाढत मादीच्या अंडी बाहेर टाकायच्या वाटेवर येते आणि ती वाट बुजवून टाकते. अंड्यांच्या पिशव्या आतच साठत जातात. त्यातल्या काही माद्या शेवटी त्यामुळेच मरतात, पण एकेक करून, वेगवेगळ्या वेळी, खडकाच्या कपारीत. नर मात्र ठीकठाक असतात. डॉगव्हेल्क पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतो. म्हणजे किनाऱ्यावर फिरायला गेलात तर पुढची कित्येक वर्षं तुम्हाला गोगलगायी दिसत राहणार. तुम्ही म्हणणार, आहेत की!

पण पिल्लू एक नाही. सगळी म्हातारी माणसं राहिलेलं गाव आठवा. कोकणात आणि देशावरही अशी गावं आपण पाहिली आहेत. घरं उघडी असतात, चुली पेटतात, पण शाळा पटसंख्येअभावी बंद पडलेली असते. त्या गावाचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

डॉगव्हेल्कच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. बऱ्याच समुद्री प्राण्यांची पिल्लं पाण्यात तरंगत दूर जातात आणि नव्या जागी वस्ती करतात. डॉगव्हेल्क खडकाला अंड्यांच्या कुप्या चिकटवतो, आणि त्यातून बाहेर पडलेलं पिल्लू सरपटतच फिरतं. एकदा एखादा खडक रिकामा झाला की शेजारच्या किनाऱ्यावरून तिथे पुन्हा वस्ती व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

इथे मला आपल्या गिधाडांची आठवण होते. गिधाडं कशानं गेली हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. डायक्लोफेनॅक हे जनावरांना दिलं जाणारं औषध, मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. हे हार्मोनचं प्रकरण नव्हतं, सरळ विषबाधा होती. ती शोधायलाही वेळ लागला, पण संशोधकांच्या हातात मेलेली गिधाडं होती. त्यांचं शवविच्छेदन करता आलं, मूत्रपिंडांतलं औषध मोजता आलं. २००४ मध्ये कारण सिद्ध झालं, २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. मृतदेह हा पुरावा असतो. न जन्मलेल्या पिल्लाचा मृतदेह कुठून आणणार?

नियम कसे बदलत गेले

ब्रिटननं आधी कालवांकडे बघून मर्यादा ठरवली होती: लिटरला २० नॅनोग्रॅमपर्यंत चालेल. डॉगव्हेल्कचा अभ्यास पुढे आल्यावर कळलं की ही मर्यादा गोगलगायीसाठी खूपच सैल आहे. मग १९८७ मध्ये लहान बोटींवर बंदी आली आणि पुढे मर्यादा २ नॅनोग्रॅमवर आणली गेली. म्हणजे रसायन तेच, समुद्र तोच, पण 'किती मेले?' याऐवजी 'अंडी घालता येतात का?' असं विचारल्यावर सुरक्षित मात्रा दहापट खाली आली.

लहान बोटींवरच्या बंदीचा फायदा झाला. पण मोठी जहाजं तोच रंग लावून फिरत होती. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर सलम वो नावाचं तेलाचं बंदर आहे. तिथे हौशी बोटींची गर्दी नाही, मोठमोठे तेलवाहू टँकर येतात. तिथल्या डॉगव्हेल्कमध्ये इम्पोसेक्स दिसतच राहिलं. समुद्रात जहाज एका देशाचं, बंदर दुसऱ्या देशाचं, त्यामुळे एकट्या देशाचा कायदा पुरत नाही.

शेवटी २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं जहाजांच्या अशा रंगांबद्दल करार केला. तो १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. भारतानंही नंतर तो स्वीकारला. ब्लेबरचं निरीक्षण १९७० चं, जागतिक बंदी २००८ ची. अडतीस वर्षं!

पण फळ मिळालं. नॉर्वेनं १९९१ पासून आपल्या किनाऱ्यावरच्या डॉगव्हेल्कवर सतत नजर ठेवली. बंदीनंतर इम्पोसेक्स वर्षागणिक कमी होत गेलं, आणि २०१७ पर्यंत जवळपास दिसेनासं झालं. प्रदूषणाच्या विषयात इतकी स्वच्छ 'बरं झालं'ची गोष्ट क्वचित ऐकायला मिळते. कारण साधं आहे. मूळ सापडलं आणि मूळच बंद केलं.

आपल्या किनाऱ्यावर

तुम्ही म्हणाल, हे सगळं युरोपात. आपलं काय?

१९९९ मध्ये गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गोगलगायीत इम्पोसेक्सची नोंद छापली. त्या जातीचं शास्त्रीय नाव आहे क्रोनिया कोंकणेन्सिस. नावातच कोकण! म्हणजे ज्या जातीला आपल्या किनाऱ्याचं नाव दिलं गेलं, तिच्याच माद्यांमध्ये हा बदल सापडला. नंतर आणखी एका जातीत गोव्याच्या संशोधकांना तेच दिसलं.

ही बातमी किती मराठी वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आली असेल, तुम्हीच विचार करा. मेलेल्या माशांचा खच पडला की फोटो छापून येतो. गोगलगायीच्या मादीला अंडी घालता येत नाहीत, याचा फोटो कसा काढणार?

आता नवा टीबीटी रंग बंद आहे. पण जुन्या रंगाचे कण बंदरांच्या गाळात बसलेले असतात. वाहत्या, उजेडाच्या पाण्यात टीबीटी काही दिवसांत-आठवड्यांत विघटित होतं. गाळात खोल, जिथे प्राणवायू नसतो, तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं. बंदराची खोली राखायला गाळ उपसतात, तेव्हा तो गाळ कुठे टाकला जातो हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. मुंबईत दारूखान्याला, गुजरातेत अलंगला जुनी जहाजं तोडतात. त्यांच्या तळावर रंगांचे किती जुने थर असतील, हा प्रश्नही तसाच.

गोगलगायीपुरतंच नाही

हे एका रसायनाचं नि एका प्राण्याचं विचित्र प्रकरण आहे असं वाटू नये, म्हणून आणखी एक उदाहरण सांगतो.

इंग्लंडमधल्या नद्यांत रोच नावाचा मासा असतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या बाजूला असे रोच सापडले, ज्यांच्यात नर-मादी दोन्हींची लक्षणं होती. पुढे जॉन संप्टर, सुझन जॉबलिंग वगैरे संशोधकांनी दाखवलं की नरांच्या वृषणांत अंडपेशी तयार होतायत, आणि १९९८ मध्ये छापलेल्या त्यांच्या पाहणीत हे देशभरच्या नद्यांत आढळलं. कारण होतं सांडपाण्यातली इस्ट्रोजेन. त्यात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन होतं, तसंच माणसांच्या शरीरातून रोज नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारं इस्ट्रोजेनही होतं. त्यामुळे 'बायकांच्या गोळ्यांनी मासे बिघडले' असे जे मथळे येतात ते अर्धवट आहेत. प्रश्न सांडपाणी किती नीट शुद्ध होतं हा आहे.

मग कॅनडात एक धाडसी प्रयोग झाला. ओंटारिओमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. कॅरन किड यांच्या गटानं २००१ पासून तीन वर्षं त्यातल्या एका अख्ख्या तळ्यात गोळ्यांमधलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं. मात्रा लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. आपल्या टँकरच्या हिशोबात, लाख टँकरला पाच-सहा ग्रॅम. त्या तळ्यात फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे होते, जेमतेम दोन-तीन वर्षं जगणारे. त्यांची पैदास कोलमडली आणि ते तळ्यातून जवळजवळ संपले. त्यांना खाऊन जगणाऱ्या मोठ्या ट्राउट माशांचीही संख्या घटली, कारण खायला उरलं नाही. इस्ट्रोजेन घालणं थांबवल्यावर काही वर्षांनी मिनो परत आले. इथेही तेच: मूळ थांबलं, तळं सावरलं.

माणसांचं काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. सरळ सांगतो, गोगलगायीला झालं म्हणजे माणसाला तसंच होणार, असं गणित नसतं. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की गोगलगायीत टीबीटी ज्या कुलपात बसतं त्याचं नाव आरएक्सआर. हे कुलूप सस्तन प्राण्यांतही आहे, पण तिथे ते वेगळ्या कामांना लागतं. २००६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की गर्भात असताना टीबीटी मिळालेल्या पिल्लांच्या शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं. म्हणजे परिणाम प्राण्यागणिक बदलतो. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, आणि 'आपला काय संबंध' म्हणायचंही नाही.

मग आपण काय विचारायचं?

मेल लिहिणाऱ्या श्रोत्यांना माझं उत्तर असं. मासे जिवंत आहेत हे चांगलंच आहे. पण त्या उत्तरावर थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा: पिल्लं दिसतायत का? जाळ्यात सगळ्या आकाराचे मासे येतात, की फक्त मोठे येतात? खडकावर बारकी कालवं धरतायत का? ज्या मावशी वर्षानुवर्षं त्याच खडकांवर कालवं काढायला जातात, त्यांना हे कुठल्याही उपकरणाशिवाय सांगता येईल. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

आणि पिल्लं दिसत नसतील तर त्याचं कारण हार्मोनच असेल असं नाही. जास्त मासेमारी असेल, बारीक आसाची जाळी असेल, पाणी तापलं असेल, गाळ वाढला असेल. पण 'पिल्लं नाहीत' ही नोंद झाली तरच कुणी कारण शोधायला येईल. ब्लेबरची नोंद नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

दुसरी गोष्ट रंगाची. तळ खरवडल्यावर जो चुरा पडतो तो खाडीत लोटून देऊ नका. रंग आजचा असो वा जुना, त्याचं कामच मुळी समुद्री जीव मारणं हे आहे. खाली ताडपत्री पसरून चुरा गोळा केला तर तो पाण्यात जाण्यापासून तरी वाचतो. पंचायतीनं, मच्छीमार सोसायटीनं मनावर घेतलं तर त्याची विल्हेवाट लावायची सोय होऊ शकते.

तिसरी गोष्ट पर्यायाची. टीबीटी गेल्यावर त्याच्या जागी जे रंग आले, त्यातल्या काहींमध्ये सायब्युट्रीन नावाचं शेवाळ मारणारं रसायन होतं. ते समुद्रातल्या वनस्पतींना घातक ठरलं, आणि १ जानेवारी २०२३ पासून जहाजांच्या रंगात त्यावरही आंतरराष्ट्रीय बंदी आली. म्हणजे एक काढलं, दुसरं घातलं, तेही काढावं लागलं. प्रत्येक वेळी आधी समुद्रात ओतायचं आणि मग वीस-तीस वर्षांनी परिणाम मोजायचा, ही रीत बदलायला हवी. नवं रसायन आलं की कंपनीला आणि सरकारला विचारायचं: याच्यासोबत एका पिढीनं नाही, दोन पिढ्यांनी जगून दाखवलंय का?

आज इतकंच. तुम्ही खाडीकाठी, नदीकाठी राहत असाल तर तुमच्याकडे बारके मासे, बारकी कालवं, शंख-शिंपले पूर्वीइतके दिसतात का, ते जरूर लिहून कळवा. वर्ष आणि ठिकाण लिहायला विसरू नका. आलेल्या नोंदी एकत्र करून आपण त्यावर एक वेगळा भाग करू.

तोवर काळजी घ्या. पुन्हा भेटूच. नमस्कार.